खालची पट्टी

तेल्हारा,
६ जुलै २०२५

खुशीले आजीचा जयभीम अन् दोन्ही गालाचे मुके.

पत्र पाहून दचकू नको. कोणी गेलं नाही. सगळे जित्ते आहोत अन् वेळेवर जेवून राहिलो. फोन असताना बुढीले पत्राची काय हुक्की आली म्हणशील, त सांगतो. फोनवर तू विचारते, "आजी, जेवली काय?" मी म्हणतो, "जेवली." मंग मी विचारतो, "तू जेवली काय?" तू म्हणते, "जेवली." झालं. पोटाच्या वर बोलणं जातच नाही. पत्र कसं, पुन्हा पुन्हा वाचून घेता येते.

हे कोण लिहून राहिलं थे तू अक्षरावरून वळखलंच असशील. तुही माय अंगणवाडीतून येते तवा तिचा जीव मेटाकुटीले आलेला असते. शेजारच्या शकुनचं अक्षर म्हणजे कागदावरून कोंबडी चालून गेल्यावानी. राहिला माहा एकुलता एक पोरगा, जिल्हा परिषदेच्या शाळेचा हेडमास्तर. म्या म्हणलं, "सुगत, कागद घे." थो म्हणे, "मी तिच्याशी बोलत नाही." म्या म्हणलं, "तू कुठी बोलून राहिला? बोलणार मी. तू नुसता लिही." बराच इचार केला त्यानं, अन् कबूल झाला. मास्तर माणूस. नियमात बसलं का त्याले सगळं चालते.

माही एकच अट, का मी 'मले' म्हणलं त 'मले'च लिहाचं. पयल्या कागदावर त्यानं गुपचूप 'मला' लिहिलं होतं. वाचून दाखव म्हणलं तवा सापडला. थो कागद फाडाले लावला.

फेब्रुवारीत तुमच्या बापलेकीत जे झालं थे मले अजून उमगलं नाही. तुही अकोल्याले शिक्षक भरतीची परीक्षा. बापानं सकाळी डबा देऊन बसमध्ये बसवून देलं. तू अकोल्याले उतरली अन् परीक्षेले न जाता रेल्वेत बसून नागपूरले गेली, काहून त तठी कोरियाच्या सिनेमाचा एकच खेळ होता. रात्री परत आली त बाप ओसरीत उभा राहून म्हणे, "तू या घरची नाहीस." तू बी त्याच्याच वाणाची. सकाळी बॅग उचलली अन् अमरावती गाठली. पोरगी सिनेमाले गेली हे त्याले लागलं नाही, सांगून गेली नाही हे लागलं. (हे वाक्य आईच्या आग्रहावरून लिहिले आहे. — लेखनिक)

म्या म्हणलं, पोरीनं घर सोडावं असं त्या सिनेमात आहे तरी काय? तू ठेवून गेली थो टॅब शकुनच्या पोरीकडून चालू करून घेतला. आता सिनेमा कोरियाचा, खाली पट्टी इंग्रजीची, अन् मले त 'अ' बी येत नाही. तुह्या बापानं लहानपणी शिकवाले पाहिलं होतं मले, "अ अननसाचा." म्या म्हणलं, अननस काय असते थे आधी दाखव. तिथंच शिक्षण थांबलं. म्हणून यालेच बसवला पट्टी वाचाले. यानं खुर्ची तिरपी करून घेतली. म्हणे, "मी फक्त खालची पट्टी वाचतो. वरचा सिनेमा पाहत नाही."

पयला सिनेमा पाह्यला थो डोंगरावरच्या बुढीचा. सगळं बर्फच बर्फ. बुढी चढ चढून एका इहारात जाते, अन् दार उघडते त आत कोण? आपला बुद्ध! म्या टॅबसमोरच हात जोडले. खुशी, हे लोक आपले आहेत हे तू सांगतलं काहून नाही? छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून मी नागपूरले दीक्षेले गेलती. एवढी गर्दी पाह्यली, पण त्यात असा एक बी चपट्या नाकाचा दिसला नाही. यायनं मागून घेतली असन काय दीक्षा?

सिनेमा बरा आहे. पण बुढी लय चालते अन् कमी बोलते. मी असती त उलटं केलं असतं.

तुही आजी,
मैनाबाई मोतीराम

(लेखनिकाची टीप : पत्रातील नाकाविषयीच्या मताशी लेखनिक सहमत नाही.)


नांदगाव पेठ, अमरावती,
१७ जुलै २०२५

ती. आजीस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. पाकिटावरचा माझ्या नावाचा 'श' पाहिला आणि पाकीट फोडायला संध्याकाळ केली. असा गाठ मारलेला 'श' अख्ख्या अकोला जिल्ह्यात एकच माणूस काढतो. आत तुझं नाकपुराण वाचून इतकी हसले की पिंकीनं येऊन पाणी दिलं. पिंकी म्हणजे माझी खोलीतली जोडीदारीण, शेंदूरजनाघाटची. तिच्या घरी संत्र्याची बाग आहे, त्यामुळे ती बाजारातली संत्री हातात घेऊन नुसती उसासे टाकते.

आजी, कोरियातल्या लोकांनी छप्पन साली दीक्षा घेतली नाही. त्यांच्याकडे बुद्ध सोळाशे वर्षांपूर्वी पोचले. आपण उशिरा आलो, ते आधीपासून होते. आता नाकावरून बोलू नकोस, ते आपल्याला वडीलधारे लागतात.

माझं बरं चाललं आहे. दिवसा इथल्या एका कापड कारखान्याच्या ऑफिसात मालाच्या नोंदी करते. सुटल्यावर सिनेमा पाहते आणि त्याच्यावर लिहिते. एक संकेतस्थळ आहे, तिथं कोरियाबाहेरचे चाहते आपापल्या भाषेत परीक्षणं लिहितात, आणि संकेतस्थळ इतरांना ती भाषांतर करून दाखवतं. ब्राझीलची एक दंतवैद्य आहे, तुर्कस्तानचा एक बसचालक आहे आणि नांदगाव पेठेची मी. पाचपैकी तारे द्यायचे असतात. तुमच्या बुढीला मी चार दिले होते.

आता दुसरा सिनेमा पाहा. टॅबमध्ये आहे, बेटावरच्या कोळ्याचा. बाप मासे वाळवतो, मुलगी भांडून शहरात गेलेली असते, सात वर्षांनी परत येते. फार सुंदर आहे, पण मी तीनच तारे दिले. माझं परीक्षण सोबत छापून पाठवते. माझी तक्रार अशी की मुलगी एवढी लांबून येते, आणि बाप शेवटपर्यंत एकदाही माफी मागत नाही. दिग्दर्शकाला बापाची बाजू घ्यायची होती तर तसं सांगायचं. प्रेक्षकाला ताटकळत ठेवून दिवे लावायचे नाहीत.

लेखनिकांना नमस्कार सांग. खुर्ची फार तिरपी ठेवू नका म्हणावं, मानेचा त्रास आहे त्यांना.

तुझी,
खुशी


तेल्हारा,
३ ऑगस्ट २०२५

खुशीले आजीचा जयभीम.

सोळाशे वर्सं! मी शकुनले सांगतलं त तिचा इश्वास बसेना. मंग त हे आपले पावणे नव्हेत, यजमान आहेत. म्या नाकाचं बोलणं मागं घेतलं. लेखनिकाले खाली नोंद कराले सांगतली आहे. (नोंद केली. — लेखनिक)

आता आमचं एकटीचं राह्यलं नाही. दुपारची कामं झाली का शकुन येते, माणिकबाई येते, भिंतीले टेकून बसतात. कोळ्याचा सिनेमा रविवारी लावला. त्यात जावई सासऱ्यासमोर दारू पेते, पण तोंड दुसरीकडं फिरवून पेते. तुह्या बापानं सांगतलं, तिकडची रीतच तशी आहे, मोठ्यासमोर प्याचं त मान वळवून. शकुन म्हणे, "मोठी मर्यादा आहे बाप्पा! आमच्या घरचा त तोंडासमोर पेते, अन् वरून चकना मांगते."

मले पयल्यापासून त्या बर्फाच्या गाडीवाल्यावर शक होता. डोळे बारीक करून पाहत होता कोळ्याच्या घराकडं. म्या सगळ्यायले सांगून ठेवलं, हाच घात करन. शेवटपर्यंत त्यानं बर्फाशिवाय काहीच देलं नाही कोणाले. माहा शक फुकट गेला.

आता मुद्द्याचं सांगतो. पोरगी घरी येते, बापलेक बोलत नाहीत, ती आतल्या खोलीत दार लावून बसते. तवा पट्टीवर काहीच नव्हतं, काहून का बोलणंच नव्हतं. आमचा वाचणारा बी चूप. बाप चुलीपाशी बसते, थो पिवळा गोल पेरू का काय थे सोलते, (नासपती. — लेखनिक) फोडी करते, बशीत मांडते, पोरीच्या दाराशी ठेवते, एक टकटक करते अन् चालला जाते. माणिकबाई म्हणे, "मांजरासाठी ठेवलं." म्या म्हणलं, मांजर कुठी फळं खाते? मेलेल्या बायकोच्या नावानं पान वाढलं असन. आमचा वाद चालला असताना मागून आवाज आला, "आई, त्यानं माफी मागितली."

मी वळून पाह्यलं. तुहा बाप. म्या म्हणलं, "काहून रे? पट्टीवर त काही लिहिलं नाही. तू त वर पाहत नाही!" कानापर्यंत लाल झाला. म्हणे, चष्मा पुसताना नजर गेली.

चष्मा त्याच्या नाकावरच होता.

(लेखनिकाचे म्हणणे : परीक्षणकर्तीने सिनेमा तीन तारे देण्याइतपत काळजीपूर्वक पाहिलेला दिसत नाही. बापाने फळाच्या बिया काढल्या, साल एका सलग पट्टीत काढली, आणि स्वतः एकही फोड खाल्ली नाही. जो माणूस दिवसभर मासे चिरतो, त्याने त्याआधी दोनदा हात धुतले. याला माफी म्हणत नसतील तर कशाला म्हणतात? तसेच परीक्षणात 'दिग्दर्शक' या शब्दाला दोन ठिकाणी दीर्घ वेलांटी दिली आहे. ती ऱ्हस्व हवी.)

पाह्य खुशी, माह्या पत्रात यानं माह्यापेक्षा मोठं लिहिलं. वाचून दाखव म्हणलं त म्हणे, "काही नाही, व्याकरण आहे."

तुही आजी


नांदगाव पेठ,
१६ ऑगस्ट २०२५

ती. आजीस,
सप्रेम जयभीम.

मी तो सिनेमा परत पाहिला. या खेपेला पट्टी बंद करून. बाप हात खरंच दोनदा धुतो. पहिल्यांदा वास घेतो हाताचा, मग परत धुतो. हे मला दिसलंच नव्हतं, कारण मी तेव्हा वहीत 'संवाद कमी आहेत' असं लिहीत होते.

मी परीक्षण नव्यानं लिहिलं आणि त्यात कबूल केलं की बशीकडे माझं लक्ष गेलं नव्हतं, ते तेल्हाऱ्याच्या एका प्रेक्षकाचं गेलं, जो सिनेमा पाहतच नाही. तारे आणि वेलांट्या मात्र तशाच ठेवल्या. ब्राझीलची दंतवैद्य म्हणाली, तिच्या बापानं अख्ख्या आयुष्यात तिला असाच आंबा कापून दिला. तुर्की बसचालकानं डाळिंबाची गोष्ट लिहिली. माझ्या लिहिण्याखाली एवढी फळं जमली की मंडई झाली.

आणि आजी, त्याच परीक्षणावरून माझी निवड झाली आहे. कोरियात समुद्राकाठच्या एका गावात येत्या वसंतात सिनेमांचा महोत्सव आहे. परदेशातल्या निवडक चाहत्यांना ते बोलावतात, राहणं-खाणं त्यांचं. दिवसाला चार सिनेमे पाहायचे आणि त्यांच्यावर लिहायचं. मी, आजी! मोठ्या पडद्यावर!

बाकी सगळं आईला विचार. तिनं तुला वाचून दाखवायचं वेगळं पान जोडलं आहे.

तुझी,
खुशी

*(वेगळे पान)*

हे पान फक्त आईनेच वाचून दाखवावे.

आजी, पासपोर्टचा अर्ज केला आहे. अमरावतीला येऊन मला वर्ष झालं नाही, म्हणून पोलिसांची चौकशी दोन्हीकडे होणार, इथं आणि तेल्हाऱ्याला. तिथं पोलीस घरी येऊन विचारतील, ही मुलगी या घरची आहे का? घरातल्या माणसानं हो म्हणायला लागतं. बाबांनी मला ओसरीत उभं राहून सांगितलं होतं की मी या घरची नाही. ते खोटं कधी बोलत नाहीत, हीच भीती आहे. त्यांनी सरकारी माणसासमोर तेच वाक्य म्हटलं तर सगळं संपलं. तू आणि आई असं काही करा की पोलीस येईल तेव्हा बाबा शाळेत असतील. तू अंगठा दे. तुझा अंगठा मला पुरे आहे.


तेल्हारा,
७ सप्टेंबर २०२५

खुशीले आजीचा जयभीम.

हे पत्र तुही माय लिहून राहिली. लेखनिक रजेवर आहे.

तुहं पाकीट आलं त्या दिवशी तुही माय, माया, अंगणवाडीत होती. मोठं पान यानं वाचून दाखवलं. कोरियाचं ऐकून मी त उठून उभीच राह्यली. मंग यानं दुसरं पान काढलं, अन् मधीच थांबला. म्हणे, "हे मायाने वाचायचं आहे." घडी घातली अन् माह्या उशाखाली ठेवलं. संध्याकाळी मायानं वाचलं. ती म्हणे, वरची ओळ वाचून थांबले असतील. मीबी तसंच धरलं. पण उशाखालचा कागद मले कळत नसला तरी त्याची घडी कळते. त्यानं घातली थी घडी चौकोनी होती. मायाच्या हाती आला तवा लांबट होता.

तवापासून टॅब बंद. पट्टी वाचणं बंद. माणिकबाई येते अन् तशीच परत जाते. काल म्या विचारलं, "काहून रे, खालचं वाचत नाही, वरचं पाहत नाही, झालं काय?" मंग म्हणे, "आई, मी पोलिसासमोर काय म्हणीन असं वाटते तुले?" म्या म्हणलं, "तूच सांग." थो म्हणे, "ज्यानं इचाराले पाहिजे त्यानं नाही इचारलं."

खुशी, तू त्याले शाळेत पाठवाले निघाली अन् थो घरातच बाहेर बसला आहे. मी बुढी दोघायच्या मधात किती दिवस खुर्ची टाकून बसू?

तुही आजी

आई लिहिते : मी बसनं उपमा पाठवला असता, पण तू खात नाहीस. तब्येत सांभाळ.


नांदगाव पेठ,
१४ सप्टेंबर २०२५

ती. आजीस,
सप्रेम जयभीम.

हे पत्र रजेवरच्या माणसाकडूनच वाचून घे. वेगळं पान नाही.

मी ते जुनं पान परत घेते. पोलीस यायचा तेव्हा येवो. शाळा असो, सुट्टी असो, कोणाला कुठं पाठवू नकोस. ज्याला जे खरं वाटतं ते त्यानं सांगावं. नाही म्हटलं तर मी कोरियाला जाणार नाही, एवढंच. त्यापेक्षा मोठं काही मी फेब्रुवारीतच गमावून बसले आहे, ते मला त्या बशीपासून कळून राहिलं आहे.

परीक्षेच्या दिवशी मी सांगायला हवं होतं. मी सिनेमाला गेले याचं मला वाईट वाटत नाही. त्यांनी दिलेला पोळीचा डबा मी रेल्वेत खाल्ला आणि त्यांना वाटत राहिलं की मी परीक्षेच्या मधल्या सुट्टीत खाते आहे. त्याचं वाटतं.

तुझी,
खुशी


तेल्हारा,
१२ ऑक्टोबर २०२५

खुशीले आजीचा जयभीम.

लेखनिक कामावर रुजू झाला. त्याचं म्हणणं, आजचं तू सांगू नको. माहं म्हणणं, आजचं सांगाले मी जित्ती आहे. लिही रे, जसं झालं तसं लिही. तुह्या बाजूनं नाही, माह्या बाजूनं.

आज रविवार. आमी सकाळी चहा घेऊन राह्यलो होतो अन् मोटारसायकल थांबली. पोलीस. डोमाजीचा देवानंद, लहानपणी आपल्या ओसरीत अभ्यासाले बसत होता थोच. आता मिशा आल्या, अन् कमरेले पट्टा. पण तुह्या बापाले पाहून पयले टोपी काढली, मंग बूट काढले, अन् दोन्ही काढून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं का आपण सरकारी कामाले आलो. पुन्हा टोपी घातली.

म्हणे, "सर, कागद आला आहे. विचारावं लागते, राग मानू नका." तुही माय माह्या मांग येऊन उभी. मी अंगठा पदराले पुसून तयार ठेवला होता, तू मांगितला होता म्हणून.

देवानंदनं कागद मांडीवर घेतला, खिशातून पेन्सील काढली अन् इचारलं, "खुशी सुगत, वय चोवीस. ही मुलगी या घरची काय, सर?"

तुहा बाप उठला अन् आत चालला गेला.

खुशी, म्या तुह्या आजोबाची मयत पाह्यली, दोन खेपा पूर पाह्यला, पण पोरगा असा उठून जाताना कधी पाह्यला नव्हता. देवानंद माह्याकडं पाहे, मी मायाकडं. मायानं तोंडाले पदर लावला. आतून पेटी ओढल्याचा आवाज आला. मी म्हणाले लागली, "लिही बापा, माहा अंगठा घे," तेवढ्यात थो बाहेर आला. हातात तुह्या जन्माचा दाखला, पयलीपासूनची सगळी प्रगतिपुस्तकं, अन् त्याच्यावर त्याचा शाईचा पेन, थो निवडणुकीच्या कामाले नेते थो. सगळं देवानंदच्या मांडीवर ठेवलं, त्याच्या हातची पेन्सील काढून घेतली अन् पेन देला.

म्हणे, "या घरची आहे. लिही. पेनानं लिही, पेन्सिलीनं नाही. खोडता येऊ नये."

(हे खरे आहे. — बाबा)

देवानंदनं लिहिलं. मंग जाचं सोडून चुकीनं विचारलं, "सर, कोरियाले कशासाठी चालली?" झालं! तुह्या बापानं टॅब आणला. त्या पोराले बशीचा सीन तीन खेपा दाखवला. बाप हात कसे धुते, साल कशी काढते. पट्टी बंद करून. देवानंदचा चहा थंड झाला, दुसरा केला, थोबी थंड झाला. जाताना म्हणे, "सर, तुमच्या तासाले मी पयल्यांदाच जागा राह्यलो."

आता तू सांग, माहा अंगठा वाया गेला का नाही? सकाळपासून पुसून ठेवला होता.

तुही आजी


नांदगाव पेठ,
६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबांस,
सप्रेम जयभीम.

पासपोर्ट आला. आजीला सांगा. हे पत्र तुमच्या नावानं आहे, पण वाचून तिलाच दाखवायचं आहे, नाहीतर ती उशाखाली शोधत बसेल.

मंगळवारी तेल्हारा-अमरावती बसच्या कंडक्टरनं ऑफिसात फोन केला, डबा आला आहे, घेऊन जा. मी स्टँडवर गेले. आपला तोच स्टीलचा डबा, परीक्षेच्या दिवशीचा. सुतळीनं बांधलेला. चिठ्ठी नाही, काही नाही. खोलीवर येऊन उघडला. आत संत्र्याच्या फोडी होत्या. आंबिया बहाराची संत्री, साल काढलेली, बिया काढलेल्या, आणि प्रत्येक फोडीवरचा पांढरा दोरा न् दोरा सोललेला. खाली रस सुटला होता, दोन-चार फोडी बसच्या हादऱ्यानं फुटल्या होत्या.

पिंकी पाहतच राहिली. म्हणाली, "आमची अख्खी बाग आहे, पण आमच्या घरी असं सोललेलं संत्र कोणी कोणाला दिलं नाही. आणि सोलून बसनं कोण पाठवते वो? सालीसकट पाठवलं असतं तर आठवडा टिकलं असतं." मी म्हटलं, "टिकवायला नाही पाठवलं."

उभ्यानं खाल्लं सगळं. पिंकीला तीन फोडी दिल्या, तेही मोठ्या मनानं. डब्याचा रस प्यायले. मग हात धुतले आणि परीक्षण उघडलं, आणि त्या कोळ्याच्या सिनेमाला तिनाचे पाच तारे केले. 'दिग्दर्शक' दोन्ही ठिकाणी दुरुस्त केला.

एक सांगायचं राहिलं. आजीच्या मागच्या पत्रात एका ठिकाणी खाडाखोड आहे. 'लेखनिक' खोडून 'बाबा' केलं आहे. चौथीत खाडाखोडीसाठी तुम्ही माझा अर्धा गुण कापला होता. मी या खेपेला कापत नाही.

पुढच्या शनिवारी दुपारच्या बसनं घरी येते. शकुनकाकू आणि माणिकबाईंना निरोप द्या. नवा सिनेमा आणते आहे, एका बुढीचा. ती भरपूर बोलते, आजीला आवडेल. टॅब ओसरीत लावा आणि तुमची खुर्ची सरळ ठेवा. या खेपेला खालची पट्टी मी वाचीन. तुम्ही वर पाहा.

तुमची,
खुशी